जुना माग, जुनी आवृत्ति

ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी शहराच्या जुन्या मोहल्ल्यांतून जाणाऱ्यास एक खडखडाट सतत ऐकूं येतो. तो धोट्याचा. लोखंडी सांगाड्याच्या एका बाजूनें लाकडी धोटा सुटतो, ताण्याच्या दोऱ्यांमधून पलीकडे जातो, तेथें थडकतो आणि तसाच परत फेंकला जातो. ही येरझार मिनिटाला शंभराहून अधिक वेळां चालते. एका कारखान्यांत असे दहावीस माग शेजारीं शेजारीं चालूं असले म्हणजे जवळच्या माणसाशीं बोलण्यासाठीं त्याच्या कानाशीं तोंड न्यावें लागतें. हा आवाज ज्या यंत्राचा, तें यंत्र नव्या घडणीचें नव्हे. त्याची मूळ आकृति इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत, ब्लॅकबर्न येथें, जेम्स बुलो व विल्यम केनवर्दी या दोघांनीं सन १८४२ च्या सुमारास सिद्ध केली. त्यापुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेंत नॉर्थ्रॉपचा माग निघाला, आणि बाण्याची रिकामी कांडी आपोआप बदलूं लागली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर धोट्याची गरजच न ठेवणारे माग बाजारांत आले. इतकें झालें, तरी भिवंडींतील जुन्या मागाचा खडखडाट थांबला नाहीं.

तो कां थांबला नाहीं, याचें उत्तर देतांना स्वस्त मजुरी, भांडवलाची टंचाई, कापडाचा भाव इत्यादि कारणें नेहमीं सांगितलीं जातात, आणि तीं खरींच आहेत. परंतु एक कारण त्याहून साधें असल्यामुळें दुर्लक्षित राहतें. जुन्या मागाचा जो भाग झिजेल वा मोडेल, तो तशाच मापाचा पुन्हां मिळत राहिला. जुनी वस्तु चालूं राहण्यास ती नुसती टिकाऊ असून भागत नाहीं. तिची जोडी, तिचें माप आणि तिचे सुटे भाग कोठें तरी शिल्लक असावे लागतात. हाच प्रश्न आज संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्यांस सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात त्या, सांभाळणाऱ्या मंडळींपुढें उभा आहे. आणि त्यांची अडचण भिवंडीच्या कारागिराहून अधिक कठीण आहे. ती कां, हें समजण्यासाठीं प्रथम मागाचीच हकीकत पाहणें सोईचें होईल.

कामवारी नदीच्या कांठचें हें गांव मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेलें, आणि कल्याणच्या जुन्या बंदराला जवळ. विणकाम येथें जुनेंच. पण १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकरांचीं घराणीं दक्षिणेकडे सरकलीं, त्यांतील पुष्कळ भिवंडींत स्थिरावलीं आणि गांवाला हातमागाचें गांव अशी ओळख मिळाली. तिकडे मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला होता. गिरण्या वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर विलायती मागहि हजारोंनीं आले. दक्षिण महाराष्ट्रांत इचलकरंजी येथें जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनानें विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग बसविला. भिवंडीच्या विणकरांनींहि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, वीज हातीं येऊं लागली तसतसा, हातमाग सोडून यंत्रमाग धरला.

हे माग आले कोठून, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. गिरणींतील जुनी यंत्रें बदलण्याची वेळ आली म्हणजे मालक तीं भंगाराच्या भावानें काढून टाकी. तेंच भंगार भिवंडीचा कारखानदार उचली, त्यांतील दोन मोडक्या मागांतून एक चालता माग उभा करी आणि घराच्या पडवींत बसवी. सन १९५६ च्या वस्त्रधोरणानें गिरण्यांतील मागांच्या वाढीस आळा घातला आणि विणकामाचा ओघ लहान कारखान्यांकडे वळला. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले. संपाचा रीतसर शेवट असा झालाच नाहीं. अनेक गिरण्या मात्र कायमच्या थंडावल्या, आणि त्यांच्या कामाचा मोठा वांटा भिवंडीकडे गेला. मुंबईनें टाकलेलें यंत्र भिवंडीनें संभाळलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

संभाळणें म्हणजे काय, तें कारखान्यांतील जॉबराला विचारावें. जॉबर हा विणकर नव्हे, मालक नव्हे आणि मागाचा निर्माताहि नव्हे. मागांत बिघाड झाला म्हणजे तो पुन्हां चालता करणें हें त्याचें काम. बाहेरून पाहणाऱ्यास सारे माग सारखेच दिसतात, पण जॉबराच्या दृष्टीनें ते तसे नसतात. कांहीं माग डाव्या हाताचे व कांहीं उजव्या हाताचे असतात. एका विणकराला दोहींच्या मध्यें उभें राहून दोन्ही संभाळतां यावे म्हणून ही योजना. एकाचा कित्येक भाग दुसऱ्यास बसत नाहीं. फणीची रुंदी निराळी, दांतेरी चाकाचे दांते निराळे, धोटा ढकलणाऱ्या दांडीची लांबी निराळी. चाकाचा एक दांता कमी असला तर कापडाची वीण विरळ किंवा दाट होते आणि व्यापारी माल परत पाठवितो. म्हणून जॉबराला ‘चाक’ नको असतें, ‘तेंच चाक’ हवें असतें. नवें, चकचकीत, अधिक चांगल्या पोलादाचें, पण निराळ्या मापाचें चाक त्याच्या कामाचें नाहीं.

असें चाक मिळण्याची सोय महाराष्ट्रांतील यंत्रमागाच्या गांवीं आपोआप होत गेली. ओतकाम करणाऱ्यांनीं जुना भाग सांच्यांत दाबून त्याचीच नक्कल ओतली. भंगारवाल्यानें मोडलेल्या मागाचे उपयोगी अवयव बाजूस काढून ठेविले. ‘जुन्या यंत्रांचें जतन’ असा उद्देश यांपैकीं कोणाच्याहि मनांत नव्हता. पैसा मिळत होता म्हणून तें झालें, आणि होऊं शकलें तें यामुळें कीं लोखंड ही वस्तु निर्मात्यानें टाकून दिली तरी नाहींशी होत नाहीं. ती कोठें तरी गंजत पडते. आणि जी गंजत पडली आहे तिच्यावरून माप घेतां येतें.

आतां माग आणि संगणक यांचें नातें केवळ उपमेपुरतें नाहीं. फ्रान्समध्यें जोसेफ मारी झाकार यानें १८०४ सालीं एक यंत्र पुढें आणलें. त्यांत जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोंकें पाडून त्यांची माळ मागावर चढवीत. ज्या ठिकाणीं भोंक असेल त्याप्रमाणें ताण्याचे दोरे उचलले जात आणि कापडावर नक्षी उमटे. नक्षी बदलावयाची तर माग बदलण्याचें कारण नाहीं, पत्त्यांची माळ बदलली कीं झालें. आपल्या गणितयंत्राची आंखणी करतांना इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें हीच भोंकांच्या पत्त्यांची युक्ति उचलली. त्या यंत्रावर १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या टिपणांत एडा लव्हलेस हिनें मागावर विणल्या जाणाऱ्या फुलापानांचाच दाखला दिला. यंत्र एक आणि त्याला दिलेल्या आज्ञा निराळ्या, ही कल्पना अशा रीतीनें विणकराच्या घरांतून गणितज्ञाच्या घरांत गेली. त्या आज्ञांची आजची संतति म्हणजे सॉफ्टवेअर.

सॉफ्टवेअरच्या राज्यांतहि एक जॉबर आहे. डेबियनसारख्या मुक्त संगणकप्रणालींत, जिची स्थापना इयन मरडॉक यानें ऑगस्ट १९९३ मध्यें केली, हजारों आज्ञावल्या एकत्र नांदतात. त्या निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या माणसांनीं लिहिलेल्या असतात, आणि प्रत्येकीला दुसऱ्या पांचपंचवीस आज्ञावल्यांचा आधार लागतो. एकमेकींशीं जुळतील अशा आवृत्त्या निवडून त्यांचीं गांठोडीं बांधावीं लागतात. अशा गांठोड्यास पॅकेज म्हणतात. तें संगणकावर आणून बसविणाऱ्या साधनास पॅकेज मॅनेजर. आणि पॅकेज बांधून त्याची देखभाल करणाऱ्या माणसास मेंटेनर. जॉबरानें जसा माग घडविलेला नसतो, तशी मेंटेनरानें आज्ञावली लिहिलेली नसते. दुसऱ्यानें निर्माण केलेली वस्तु तिसऱ्याच्या घरीं नीट चालावी, एवढ्यासाठीं तो राबत असतो, आणि पुष्कळदां विनावेतन राबत असतो.

त्याच्या कामाची रीत थोडक्यांत अशी आहे. प्रत्येक पॅकेजासाठीं तो एक कृतिपत्र लिहितो. त्यांत आज्ञावलीचें नांव, आवृत्तीचा क्रमांक, ती जेथें ठेवलेली आहे तेथील पत्ता आणि तिचा ठसा, इतक्या गोष्टी असतात. ठसा म्हणजे त्या फाइलवरून गणितानें काढलेली अंकाक्षरांची एक माळ. फाइलींतील एक अक्षर जरी बदललें तरी ठसा संपूर्ण बदलतो. त्यामुळें आलेली वस्तु हीच मूळ वस्तु आहे, अशी खात्री पटते. पॅकेज पुन्हां बांधण्याची वेळ आली कीं त्या पत्त्यावरून ती आवृत्ति आणली जाते, ठसा ताडून पाहिला जातो, आणि जुळला तरच काम पुढें चालतें. मूळ कर्त्यानें नवी आवृत्ति निघतांच जुनी पुसून टाकली, तर पत्त्यावर कांहींच सांपडत नाहीं आणि कृतिपत्र निरुपयोगी होतें.

नवी आवृत्ति निघाल्यावर जुनी कोणाला हवी असते, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर असें. डेबियनची स्थिर आवृत्ति सुमारें दोन वर्षांनीं निघते आणि पुढें सुमारें पांच वर्षें तिची देखभाल होते. त्या मुदतींत तिच्यांतील आज्ञावल्या शक्यतों बदलीत नाहींत. दोष सांपडला तर जुन्याच आवृत्तीला तेवढें ठिगळ लावतात. रुग्णालय, पेढी किंवा प्रयोगशाळा यांना हेंच सोईचें असतें. चाललेल्या कामांत रोज नवें यंत्र त्यांना परवडत नाहीं. दुसरें असें कीं, एखादा दोष केव्हां शिरला हें शोधावयाचें तर कालची, परवांची आणि तेरवांची आवृत्ति शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी लागते. तिसरें म्हणजे, एखाद्या शास्त्रज्ञानें दहा वर्षांपूर्वीं काढलेला निष्कर्ष तपासावयाचा तर त्याच आज्ञावलीवर तोच हिशेब पुन्हां करून पाहावा लागतो. आणि चौथें कारण सर्वांत निकडीचें: नवी आवृत्ति विषारी निघाली तर परत जाण्यास जुनी शाबूत हवी.

जुनी आवृत्ति नाहींशी झाल्यास काय होतें, याचा धडा २२ मार्च २०१६ रोजीं मिळाला. जावास्क्रिप्ट या भाषेंतील आज्ञावल्यांचें एनपीएम नांवाचें एक मोठें भांडार आहे. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नांवाची एक चिमुकली आज्ञावली होती. ती अवघी अकरा ओळींची. शब्दाच्या डावीकडे हवी तितकी जागा सोडणें एवढेंच तिचें काम. दुसऱ्या एका पॅकेजाच्या नांवावरून वाद होऊन तिच्या कर्त्यानें आपलीं सारीं पॅकेजें काढून घेतलीं, आणि तिच्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अवलंबून असलेलीं असंख्य कामें जगभर एकाएकीं अडलीं. थोड्याच वेळांत दुसऱ्या एकानें तशीच आज्ञावली १.०.० या क्रमांकानें भांडारांत ठेवली. तरीहि कामें चालूं होईनात. कारण कित्येक कृतिपत्रांत मागणी होती ती ०.०.३ या जुन्या क्रमांकाची. शेवटीं भांडाराच्या चालकांनीं ती जुनी आवृत्तीच परत आणून ठेवली, तेव्हां गाडी रुळावर आली. जॉबराला ‘चाक’ नव्हे, ‘तेंच चाक’ लागतें, याचें याहून बोलकें उदाहरण शोधून सांपडणार नाहीं. यानंतर प्रसिद्ध झालेलें पॅकेज कर्त्यास सहजासहजीं मागें घेतां येऊं नये, असा नियम त्या भांडारानें केला.

वस्तु जागेवर असून तिचें बाह्य रूप किंचित् बदललें तरी असाच घोटाळा होतो. गिटहब या ठिकाणीं अनेक आज्ञावल्यांच्या जुन्या आवृत्त्या दाबून बांधलेल्या फाइलींच्या रूपांत मागतांच तयार करून दिल्या जातात. जानेवारी २०२३ च्या अखेरीस तेथें दाबण्याच्या तंत्रांत लहानसा बदल करण्यांत आला. आंतील मजकूर अक्षरशः तोच होता; पण गांठोडें निराळ्या रीतीनें बांधलें गेल्यामुळें ठसे जुळेनात, आणि हजारों कृतिपत्रांनीं माल नाकारला. बदल तातडीनें मागें घ्यावा लागला. यावरून हें दिसलें कीं, जुनी आवृत्ति ‘उपलब्ध’ असणें म्हणजे तिच्यासारखें कांहीं तरी मिळणें नव्हे. जी वस्तु त्या दिवशीं प्रसिद्ध झाली तीच, जशीच्या तशी, मिळाली पाहिजे.

तिसरी हकीकत सर्वांत गंभीर आहे. ‘एक्सझेड’ ही फाइली दाबून लहान करणारी आज्ञावली जगांतील असंख्य संगणकांवर असते. मार्च २०२४ मध्यें आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या संगणकावर दूरच्या ठिकाणाहून प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. अर्धा सेकंद म्हणजे कांहींच नव्हे. पण त्यानें त्या विलंबाचा माग काढला, आणि २९ मार्च रोजीं जगाला कळविलें कीं ५.६.० व ५.६.१ या दोन नव्या आवृत्त्यांत कोणी तरी बुद्धिपुरस्सर चोरदरवाजा ठेविला आहे. ज्याच्या हातून तो शिरला, त्यानें दीर्घकाळ सालसपणें काम करून सहसंभाळकर्त्याचा विश्वास संपादन केला होता. चोरदरवाजा उघडणारी किल्ली सर्वांना दिसणाऱ्या मूळ लेखनांत नव्हती, ती प्रसिद्धीसाठीं बांधलेल्या गांठोड्यांत लपविलेली होती. म्हणजे मूळ लेखन आणि प्रसिद्ध गांठोडें हीं दोन्ही हातीं असल्याशिवाय लबाडी उलगडणें कठीण. ज्या जागीं तिचें भांडार होतें, ती जागा तर त्या गडबडींत कांहीं काळ बंदच करण्यांत आली होती. मेंटेनरांनीं तात्काळ एकच गोष्ट केली, ती म्हणजे जुन्या आवृत्तीकडे परत जाणें. डेबियननें जें पॅकेज काढलें त्याचें नांव मोठें बोलकें आहे: क्रमांक ५.६.१, परंतु ‘वस्तुतः ५.४.५’. बाहेरची पाटी नवी आणि आंत जुनी, विश्वासाची वस्तु! ती जुनी आवृत्ति शाबूत नसती, तर त्या दिवशीं परतण्यास जागा उरली नसती.

जुन्या आवृत्त्या ठेवण्याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाहीं. जुन्या आवृत्तींत दोष असतात. ते जगाला माहीत झालेले असतात. अशी आवृत्ति उघडी ठेवली तर अजाण माणूस ती उचलून आपलें नुकसान करून घेईल. मग ती पुसून टाकणेंच बरें नव्हे काय? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रानें एका निराळ्या क्षेत्रांत पूर्वींच दिलेलें आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम आरंभिलें आणि १९६६ सालीं तें पूर्ण झालें. देशभरच्या हस्तलिखितांतून संपादकांनीं मूळाच्या अधिकांत अधिक जवळचा पाठ निवडला. पण जे पाठ त्यांनीं स्वीकारले नाहींत ते नष्ट केले नाहींत. ते पृष्ठाच्या तळाशीं, कोणत्या प्रतींत कोणता, अशा नोंदीसह छापले. उद्यांच्या अभ्यासकास संपादकाचा निर्णय चुकला असें वाटलें, तर तपासण्याचें साधन त्याच्या हातीं राहिलें. त्याज्य ठरविणें आणि नष्ट करणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पायथॉन भाषेच्या भांडारानें २०१९ सालानंतर हीच रीत पत्करली. दोषी आवृत्तीवर ‘मागें घेतलेली’ अशी खूण करतात. नव्यानें मागणाऱ्यास ती दिली जात नाहीं, पण ज्याच्या कृतिपत्रांत नेमका तोच क्रमांक लिहिलेला आहे त्याला ती मिळते.

मराठी घरांचा या साऱ्याशीं संबंध काय, असेंहि कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. संगणकावर मराठी अक्षर उमटविण्यासाठीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत श्री-लिपि, आयएसएम यांसारख्या आज्ञावल्या घरोघरीं व छापखान्यांत आल्या. अक्षरांना क्रमांक देण्याची त्यांची रीत एकसारखी नव्हती. पुढें युनिकोड ही सर्वमान्य पद्धति रूढ झाली, ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. परंतु त्या काळांत टंकलेला मजकूर आज उघडावा तर, त्याच वेळचा टंक व त्याच रीतीची माहिती हाताशीं नसल्यास, पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. एखाद्या आजोबांनीं लिहून ठेवलेलें आत्मवृत्त, एखाद्या संस्थेचीं इतिवृत्तें, एखाद्या मासिकाचे जुने अंक फाइलींत सुरक्षित असूनहि वाचतां येत नाहींत. कागद शिल्लक, शाई शिल्लक, आणि लिपि मात्र हरवलेली, अशी ही अवस्था होय.

मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रांत ‘लोहित’ नांवाच्या टंकांची हकीकतहि येथें सांगण्यासारखी आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेनें घडविलेले हे टंक रेड हॅट या कंपनीनें २००४ सालीं मुक्त परवान्यावर प्रसिद्ध केले. मराठीसह अनेक भारतीय भाषा त्यांत आल्या. २०११ सालीं त्यांचा परवाना बदलून तो टंकांसाठींच असलेल्या सोईच्या परवान्यावर आणला गेला, आणि आवृत्त्या वेळोवेळीं निघत राहिल्या. अक्षराची रुंदी केसभर बदलली तरी जुन्या लेखांतील ओळी इकडच्या तिकडे सरकतात व पृष्ठांची मांडणी बिघडते. म्हणून टंकाचीहि जुनी आवृत्ति मागणारे लोक असतात. या टंकांचें बिऱ्हाड फेडोरा प्रकल्पाच्या ज्या ठिकाणीं होतें तें ठिकाण २०१७ सालीं बंद झालें. सुदैवानें जुन्या आवृत्त्या दुसऱ्या जागीं हलविण्यांत आल्या. पण हलविणारा कोणी होता म्हणून हें झालें. गिटोरियस हें भांडार २०१५ सालीं आणि गूगल कोड हें २०१६ सालीं बंद झालें, तेव्हां त्यांतील सर्वच कर्त्यांनीं आपलें बिऱ्हाड वेळेवर हलविलें नव्हतें.

अशा निराधार वस्तूंसाठीं कांहींनीं जाणूनबुजून वखारी उघडल्या आहेत. टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीचें भांडार १९९२ पासून व पर्ल या भाषेचें १९९५ पासून चालूं आहे. पर्लच्या भांडारांतून कर्त्यांनीं काढून टाकलेल्या आवृत्त्याहि एका निराळ्या कोठींत जपून ठेवतात. डेबियननें २०१० पासून असें दालन अधिकृतपणें चालविलें आहे कीं, अमुक वर्षाच्या अमुक दिवशीं भांडारांत काय काय होतें, तें तारीख सांगून परत मागवितां येतें. फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेनें २०१६ सालीं ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ नांवाचा प्रकल्प सुरू केला; युनेस्कोनें २०१७ सालीं त्याच्याशीं करार केला. बंद पडलेल्या वरील दोन्ही भांडारांतील पुष्कळसा ठेवा त्यानें वांचविला आणि अब्जावधि फाइली आज त्याच्यापाशीं जमा आहेत. ‘गिक्स’सारखे पॅकेज मॅनेजर मूळ पत्त्यावर वस्तु न सांपडल्यास तिकडे वळतात.

तथापि ही सारी व्यवस्था शेवटीं मूळ कर्त्याच्या एका साध्या शिस्तीवर अवलंबून आहे. प्रत्येक आवृत्तीला निराळा क्रमांक द्यावा. एकदां प्रसिद्ध केलेली फाइल त्याच नांवाखालीं बदलूं नये. दोष सांपडला तर नवा क्रमांक काढावा. जुनीवर खूण करावी, पण ती पुसूं नये. आणि बिऱ्हाड हलविलें तर नवा पत्ता जुन्या दारावर लिहून ठेवावा. यांत खर्च थोडा आहे. लागते ती आठवण. आपली वस्तु कोणा अनोळखी माणसानें आपल्या कामांत गुंफलेली आहे, आणि तो तिच्या जुन्या मापावर विसंबून आहे, एवढी ती आठवण.

भिवंडीच्या भोंवतालीं काल्हेर, कशेळी, राहनाळ, माणकोली या गांवांकडे आज गोदामांच्या रांगा पसरल्या आहेत, आणि मुंबईचा माल तेथें येऊन लगेच पुढें जातो. गोदामाचें हितच माल न थांबण्यांत असतें. जुन्या आवृत्त्यांच्या वखारीचें हित माल थांबण्यांत असतें. शहराच्या आंत मात्र गेल्या कांहीं वर्षांत उलटा प्रकार दिसतो. धंद्याची मंदी आणि धोट्यावांचून चालणाऱ्या वेगवान मागांची स्पर्धा यांमुळें कित्येक कारखानदारांनीं आपले जुने माग भंगारांत काढले आहेत. हे माग वितळले तर एक युग संपेल, आणि त्याबद्दल कोणाला दोष देतां येणार नाहीं. कमी आवाजाचें आणि अधिक कमाईचें यंत्र विणकराला मिळावें, हें योग्यच आहे. पण निदान तेथें शेवटचा माग वितळेपर्यंत त्याचें एकेक चाक कोणाच्या तरी पडवींत पडून राहील, आणि ओतकाम करणारा त्यावरून माप घेईल.

सॉफ्टवेअरला ही सवड नाहीं. तें गंजत नाहीं आणि झिजत नाहीं, पण पुसलें कीं त्याचें भंगारहि उरत नाहीं. लोखंडाची जी राखण बाजारानें न सांगतां केली, ती येथें माणसानें ठरवूनच केली पाहिजे. आणि ती वेळ आवृत्ति प्रसिद्ध होते त्याच दिवसाची असते, हरवल्यानंतरची नसते.